आधी सडणं थांबवा, सेल्फ नंतर मारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची १९५० च्या दशकातली चार दरवाज्यांची गाडी घरामागे झाडाखाली ताडपत्री टाकून बावीस वर्षं उभी आहे. चाकं जमिनीत रुतली आहेत, आत उंदरांनी संसार थाटलाय, बॉनेट उघडत नाही. काका म्हणतात, नवी बॅटरी आणून एकदा सेल्फ मारून बघू. भंगारवाला चकरा मारतोय. गाडी वाचेल का, आणि पहिलं काम कोणतं?

वाचण्याची शक्यता चांगली आहे. पहिलं काम म्हणजे काकांना बॅटरी आणण्यापासून थांबवणं.

हे मी कळकळीने सांगतोय, कारण जुन्या गाड्या उघडण्यात माझी तीसेक वर्षं गेली आहेत, आणि इतकी वर्षं तग धरलेल्या गाड्यांचा पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात घात झालेला मी अनेकदा पाहिलाय. एकदा तो घात माझ्या हातून झाला. शिकाऊ होतो. एका कुटुंबाची अशीच उभी राहिलेली गाडी आम्ही दोरखंडाने ओढली, तिसरा गिअर टाकला आणि मी क्लच सोडला. इंजिन फिरलं, पण आतून जो कडकड आवाज आला तो अजून कानात आहे. दोन व्हॉल्व्ह त्यांच्या नळ्यांमध्ये (गाइडमध्ये) चिकटून बसले होते, त्यांना ढकलणाऱ्या दांड्या, म्हणजे पुशरॉड, वाकले. एक पिस्टन रिंग तुटली आणि तिच्या तुकड्याने बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, उभी ओरबाडली. आठवडाभर तेल मुरवलं असतं तर ते इंजिन हाताने सुटलं असतं. त्याऐवजी सगळं खोलून सिलिंडर आतून पुन्हा कातावे लागले, म्हणजे रिबोअर करावं लागलं. त्या घरातल्या आजी अंगणात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना काय सांगावं ते मला सुचेना.

म्हणून क्रम असा ठेवा: सडणं थांबवायचं, काय उरलंय ते मोजायचं, गाडी कोरड्या जागी हलवायची, आणि मग इंजिनाला हात लावायचा.

सडणं कुठून होतं ते कळलं की निम्मी कामं आपोआप सुचतात. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग एकदम वाढतो. उघड्या मातीवर, गवतावर उभ्या गाडीच्या पोटाखाली ही आर्द्रता जवळजवळ बाराही महिने असते, कारण जमीन सतत वाफ सोडते. वरून ताडपत्री घट्ट बांधलेली असली की ती वाफ आत कोंडते, रात्री गार पत्र्यावर तिचं पाणी होतं आणि ते सांध्यांमध्ये उतरतं. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात गंज धरला की तो जोड आतून फुगून फाटतो. टपावरचा लाल गंज दिसायला भयानक, पण बहुतेक वेळा वरवरचा असतो. खरा रोग खाली आणि आत असतो, दिसत नाही तिथे.

तेव्हा आजच ताडपत्री काढा. पाऊस येणार असेल तर गाडीच्या वर हातभर उंच छत करा, पत्र्याचं किंवा त्याच ताडपत्रीचं, पण चारही बाजूंनी वारा खेळला पाहिजे. काचेच्या खालची जाळी आणि दरवाज्यांच्या तळाची भोकं कुजलेल्या पानांनी बुजलेली असतील. ती पानं हाताने काढा आणि भोकं तारेने मोकळी करा. एवढ्या दोन तासांच्या कामाने गाडीचं आयुष्य वाढतं.

आत शिरण्याआधी दोन गोष्टी सांभाळा. एक, साप, विंचू, गांधीलमाश्यांची पोळी. लांब काठीने आधी सीटखाली आणि डिकीत ढवळून बघा. दुसरी गोष्ट लोक हसण्यावारी नेतात, ती म्हणजे उंदरांची घाण. वाळलेल्या लेंड्या आणि मूत झाडूने झाडलं की धूळ उडते आणि श्वासात जाते. हंटा विषाणू असाच पसरतो, आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. हातमोजे आणि चांगला मास्क घाला, दरवाजे उघडून अर्धा तास हवा खेळू द्या. एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून घाणीवर फवारा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या आणि मग ओल्या फडक्याने उचला. हवेचा प्रेशर तिथे मुळीच मारू नका.

काहीही हलवण्याआधी फोटो काढा. शेदोनशे झाले तरी चालतील. कोणती वायर कुठे जाते, कोणता स्क्रू कुठला, बीडिंग कसं बसवलंय, हे सगळं सहा महिन्यांनी तुम्हाला फोटोतच सापडणार आहे. चासी नंबर आणि इंजिन नंबर यांच्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. नंबराची पट्टी कुणालाही काढू देऊ नका, साफ करायलासुद्धा नाही. गाडी कागदावर अजून आजोबांच्या नावावर असेल, तर सगळ्या वारसांची लेखी संमती आत्ताच घ्या. गाडी चमकायला लागल्यावर हक्क सांगणारे वाढतात.

आणि गाडी हलली की तिच्याखालची माती चाळा. खरंच चाळणीने चाळा. गळून पडलेली अक्षरं, दरवाज्याच्या पट्टीच्या क्लिपा, चाकाच्या वाट्या तिथेच सापडतात. एका गाडीचं बॉनेटवरचं मूळ चिन्ह मला वीतभर खोल मातीत मिळालं होतं. ते बाजारात शोधायचं म्हटलं असतं तर वर्षं गेली असती. त्याच कारणाने सध्या काहीही फेकू नका. फाटलेलं सीटचं कापड, तुटलेली मूठ, उंदरांनी कुरतडलेलं छताचं अस्तर, सगळं पिशव्यांत भरून वर चिठ्ठी लावा. नवं शिवताना जुना तुकडा हाच नमुना असतो.

बॉनेटचं म्हणाल तर पहारीने उचकटू नका. केबल गंजून अडकली असेल. वरून फटीतून कडीवर गंज सोडवणारं तेल दोन दिवस सोडत राहा. मग एकाने आतून केबल पक्कडीने ओढून धरायची आणि दुसऱ्याने कडीच्या बरोबर वर बॉनेट तळव्याने दाबून सोडायचं. दहापैकी आठ वेळा एवढ्याने उघडतं. नाहीच उघडलं तर खालून किंवा जाळीतून कडीपर्यंत पोचायचं.

आता गाडीचा सांगाडा. यावरच ठरतं की ही गाडी पुन्हा रस्त्यावर येईल, की जशी आहे तशी जपायची. एक छोटी हातोडी आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली झोपा. गाडी जॅकवर असेल तर पक्के स्टँड लावल्याशिवाय खाली जाऊ नका, आणि नुसत्या मातीवर जॅक लावायचाच नाही, खाली जाड फळी हवी. हातोडीने हलके ठोकत जा. चांगलं लोखंड ठणकतं, सडलेलं बद्द वाजतं. बद्द वाजेल तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे चासीला अडकतात त्या जागा, दरवाज्याखालचे पोकळ पट्टे, गालिच्याखालचा तळ, बॅटरीची बैठक आणि दरवाज्यांचे बिजागर ज्या खांबांवर आहेत त्यांचे पायथे, या पाच ठिकाणी वेळ घालवा. मडगार्डला भोक पडलं असेल तर मनाला लावून घेऊ नका, ते पत्र्याचं काम आहे. पाट्यांच्या जागा आणि चासी गेली असेल तर काम मोठं आहे. तुमच्या गाडीला वेगळी चासी नसून बॉडीच सांगाडा असेल आणि दरवाज्याखालचे पट्टे सडले असतील, तर मध्ये जॅक लावू नका आणि चारही दरवाजे एकदम उघडू नका. अशी गाडी मधोमध दुमडते.

हलवताना घाई नको. बंपरला साखळी बांधून ट्रॅक्टरने ओढणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. चाकांभोवतीची माती आधी खणून काढा, पुढे फळ्या अंथरा. गाडी न्यूट्रलला आहे ना, ते बघा, आणि हँडब्रेकची केबल सोडवा. ब्रेक-ड्रम जाम असतील तर लायनरचा अ‍ॅडजस्टर मागे फिरवा, व्हील सिलिंडरचा हवा काढायचा निपल उघडून दाब सोडा आणि ड्रमच्या कडेवर गोलाकार लाकडी हातोडीने ठोका. बहुतेक सुटतात. टायरमध्ये हवा राहिली तर उत्तम, नाहीतर तेवढ्यापुरती दुसऱ्या गाडीची बसणारी चाकं लावा. ओढायचं ते चासीला किंवा अ‍ॅक्सलला पट्टा बांधून, विंचने, इंचाइंचाने, आणि सरळ सपाट ट्रकवर. ते टायर दिसायला कितीही धड असले तरी रस्त्यावर वापरायचे नाहीत. २००० सालापासून टायरवर चार आकडी तारीख असते. २३०१ म्हणजे २००१ सालचा तेविसावा आठवडा. तुमच्या टायरवर तीनच आकडे असले, तर तो २००० च्याही आधीचा आहे.

नव्या जागी सिमेंटची जमीन असली तरी खाली जाड प्लास्टिक अंथरा, गाडी स्टँडवर घ्या, काचा बोटभर उघड्या ठेवा. गाडी धुवायची तर बाहेरच, साध्या पाइपने. प्रेशर वॉशरचं पाणी बेअरिंगमध्ये आणि वायरिंगमध्ये शिरतं, आणि जो रंग अजून धरून आहे तोही सोलून नेतं. वाळल्यावर पोटाला, सांध्यांना आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला तेलाचा पातळ हात द्या. एवढं झालं की श्वास घ्या. सडणं जवळजवळ थांबलंय. आता सहा महिने काही केलं नाही तरी गाडी आहे तशीच राहील. घरात पैशांची किंवा वेळेची ओढाताण असेल तर इथेच थांबायला काहीच हरकत नाही.

इंजिनाकडे वळू. आधी ऑइल चेंबरचा नट हळूहळू ढिला करा, पूर्ण काढू नका. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत पाणी असेल तर तेच आधी थेंबथेंब बाहेर येतं. किती पाणी निघालं यावरून आत काय झालंय त्याचा अंदाज येतो. वाटीभर निघालं तर चेंबर उतरवून बेअरिंग बघितल्याशिवाय इंजिन फिरवू नका. मग एअर क्लीनर काढा. उंदरांचं आवडतं घरटं तिथेच असतं, आणि सेल्फ मारला की ते घरटं सरळ सिलिंडरमध्ये जातं.

प्लग काढा, प्रत्येक भोकातून उजेड पाडून आत बघा. प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ट्रान्समिशन ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मेनिम्मे मिसळून दोन-तीन चमचे सोडा. अ‍ॅसिटोन पातळ असल्याने रिंगांच्या फटीत शिरतं आणि तेलाला सोबत नेतं. मात्र ते पटकन पेट घेतं, जवळ आग नको. रोज थोडं सोडत राहा. आठवड्याने पुढच्या पुलीच्या नटला लांब पाना लावून किंवा इंजिन हाताने फिरवायचं हँडल असेल तर त्याने अगदी थोडा जोर द्या, आधी इकडे, मग तिकडे. नखभर हललं तरी त्या दिवशी तेवढंच पुरे. महिना लागला तरी चालेल. हँडल हातात असलं की अडकलेली गोष्ट तळव्याला कळते. सेल्फला ती कळत नाही, तो तोडून पुढे जातो. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेवरचा सेल्फ आणला तेव्हा हँडलच्या उलट्या झटक्यापासून लोकांची मनगटं वाचली, पण कामासाठी मला अजून हँडलच जवळचं वाटतं. इंजिन फिरायला लागलं की टॅपेट कव्हर काढून सगळे व्हॉल्व्ह वरखाली होतायत का ते डोळ्यांनी बघा. एखादा अर्ध्यात थांबत असेल तर तिथेच थांबा.

नवं तेल भरताना एक लक्षात ठेवा. त्या काळातल्या इंजिनात व्हॉल्व्ह उचलणारे कॅम आणि टॅपेट हे भाग एकमेकांवर घासत चालतात, त्यांना तेलात जस्ताचं संयुग पुरेसं लागतं. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या तेलात ते कमी केलेलं आहे. जुन्या इंजिनांसाठीचं म्हणून मिळणारं तेल घ्या.

पेट्रोल टाकीत जे उरलंय ते आता पेट्रोल नाही, व्हार्निश आहे. वास घेतला की कळेल. टाकी उतरवून धुवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. तिच्याजवळ वेल्डिंग, दिवा, काडी काही नको. आतला गंज काढायला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून विजेने गंज सोडवण्याची पद्धत चांगली आहे, पण बळी द्यायची पट्टी, म्हणजे टाकीऐवजी जी झिजते ती, साध्या लोखंडाचीच घ्या. स्टेनलेस स्टील वापरलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हे काम उघड्यावरच करा, हायड्रोजन निघतो. आणि आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते जुन्या रबराला खातं. म्हणून पाइप आणि पंपाचा पडदा नव्या जातीचेच बसवा.

ब्रेक मी इंजिनच्या आधी करतो, आणि तुम्हीही करा. त्या काळच्या गाड्यांमध्ये बहुधा एकच सर्किट असतं, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ तेल नवं असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १४० अंशांवर येते. बावीस वर्षांत त्या पाण्याने सिलिंडर आतून खाल्लेले असणार. मास्टर आणि व्हील सिलिंडर सगळे खोला, रबरी होज दिसायला चांगले असले तरी बदला, ते आतून सुजून बंद होतात आणि चाक धरून ठेवतात. ड्रम उघडताना फुंकर मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते ओल्या फडक्यानेच पुसायचं.

आता ती बॅटरी. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कित्येक गाड्या ६ व्होल्टच्या होत्या, आणि ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्हऐवजी पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडणं, तर १९६० च्या दशकातही चालू होतं. काकांनी आजची १२ व्होल्टची बॅटरी आजच्या सवयीने जोडली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. त्यात वायरवरचं रबर आणि कापड हात लावताच गळतं, म्हणजे शॉर्ट व्हायला आणि पेटायला निमित्तच हवंय. वायरिंग सर्किटप्रमाणे तपासून झालं की बॅटरी आणि गाडीच्या मध्ये एक हेडलाइटचा बल्ब जोडून पाहा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटेल, वायर जळणार नाही.

रंगाचा विषय शेवटी, आणि मुद्दामच. फिवा ही ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून काम करतेय. तिची ट्युरिन सनद मूळ वस्तू आणि तिच्यावरच्या काळाच्या खुणा शक्य तितक्या राखण्याच्या बाजूची आहे. मीही त्याच मताचा झालोय. तरुणपणी मी गाड्या उघड्या पत्र्यापर्यंत खरवडल्या आणि आरशासारख्या केल्या. आता त्यांतल्या काहींचे जुने फोटो बघताना वाईट वाटतं. दरवाज्यावर आजोबांच्या कोपराने रंग झिजलेला असेल, तर तो डाग नवा रंग देऊन परत मिळत नाही. जिथे पत्रा सडलाय तिथे कापून जोडा, बाकीचं स्वच्छ करून मेणाचा हात द्या, वर्षभर तसंच वापरा आणि मग ठरवा. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून रंग-गंज काढणं, करायचंच असेल तर ते चासीसाठी. बाहेरच्या पातळ पत्र्याला त्याने लाटा येतात. आणि जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं घासू नका.

भंगारवाल्याला नाही म्हणा. समजा सांगाडा गेलेलाच निघाला, तरी अशा गाडीचे मीटर, काचा, दिवे, गिअरबॉक्स दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला जीवदान देतात, आणि ते ठरवायला तुमच्याकडे वेळ आहे.

काकांना मात्र कामापासून दूर ठेवू नका. ती गाडी चालवलेले घरात तेवढेच उरले असतील. त्यांना खुर्ची टाकून गाडीशेजारी बसवा आणि बोलणं रेकॉर्ड करा: थंडीत चोक किती ओढायचा, पेट्रोलचा काटा कुठवर आला की टाकी खरंच रिकामी, दुसरा गिअर टाकताना थोडं थांबायला लागायचं का, शेवटी ती बंद पडली तेव्हा नेमकं काय झालं होतं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर माझे दोन दिवस वाचतात. आणि रिव्हर्स कुठे पडतो ते आधी विचारून घ्या, गिअरच्या मुठीवरची खूण आता पुसली गेली असेल.